हाणामारीचा हप्ता

जुन्या कन्सोल गेमचा सिक्वेल काढणं सोपं, निभावणं महाकठीण. ‘स्ट्रीट्स ऑफ रेज ४’नं ते कसं निभावलं? फक्त एका हिरव्या पट्टीच्या जोरावर!

‘मुस्तफा’ आठवतोय?

नव्वदच्या दशकात ज्यांनी मधल्या सुट्टीतल्या वडापावचे पैसे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उडवले, त्यांना पुढचं काही सांगायची गरज नाही. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या ‘कॅपकॉम’ कंपनीनं १९९३ मध्ये काढलेला. पण एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कुणाला? पळत येऊन उडती लाथ घालणाऱ्या त्यातल्या हीरोवरून तो आपल्याकडे झाला ‘मुस्तफावाला गेम’. विषय संपला.

तर मंडळी, या मुस्तफाची एक ट्रिक होती. गुंडांनी चहूबाजूंनी घेरलं की दोन बटणं एकदम दाबायची. मुस्तफा गर्रकन फिरायचा आणि सगळे आडवे! भानगड एकच. त्याच्या स्वतःच्या लाईफमधूनही थोडीशी वजा व्हायची. मग शेजारी उभा असलेला, खिशात दमडी नसलेला पण सल्ल्यांचा साठा भरपूर असलेला एखादा पोरगा हमखास ओरडायचा, ‘अबे दोन बटणं नको दाबू, लाईफ जाते!’

आजचा कॉलम त्या ‘थोडीशी वजा’बद्दल आहे. हसू नका. याच एका नियमावर डोकं लावून काही फ्रेंच आणि कॅनडावासी मंडळींनी २०२० मध्ये, तब्बल २६ वर्षं झोपलेली एक जपानी सीरिज खडबडून जागी केली. तिचं नाव ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’.

तीन पोलीस आणि एक बिघडलेलं शहर

आधी थोडी हिस्टरी. फार नाही, परीक्षा नाहीये.

मुस्तफाचा गेम ज्या जातकुळीतला, तिला म्हणतात ‘बीट एम अप’. फंडा एकदम सोपा. डावीकडून उजवीकडे चालायचं, मध्ये जो येईल त्याला बदडायचं आणि शेवटी बॉसला लोळवायचं. ‘सेगा’नं आपल्या ‘मेगा ड्राइव्ह’ कन्सोलसाठी १९९१ मध्ये याच प्रकारातला ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ काढला. जपानमध्ये त्याचं नाव ‘बेअर नकल’. ॲक्सेल, ब्लेझ आणि ॲडम हे तीन तरुण पोलीस. शहर ‘मिस्टर एक्स’ नावाच्या डॉनच्या ताब्यात, अख्खं खातं विकलं गेलेलं. मग हे तिघं नोकरीला रामराम ठोकून रस्त्यावर उतरतात. स्टोरी म्हणाल तर ऐंशीच्या दशकातला कुठलाही हिंदी पिक्चर. फक्त यात गाण्यांऐवजी मागे टेक्नो आणि हाउस म्युझिक वाजतं, आणि तेही असलं भन्नाट की ते देणारा युझो कोशिरो हा संगीतकार आजही गेमर्सच्या गळ्यातला ताईत आहे.

लगेच १९९२ मध्ये दुसरा भाग आला आणि तो पहिल्याच्या चार पावलं पुढे निघाला. तो बनवण्यात कोशिरोच्याच ‘एन्शंट’ या कंपनीचा मोठा हात होता. ही कंपनी त्यानं काढली ती आई आणि धाकट्या बहिणीला सोबत घेऊन! म्हणजे आपल्याकडे पापड-लोणच्यांचा असतो तसा चक्क हाणामारीचा गृहउद्योग. त्यानंतर १९९४ मध्ये तिसरा भाग आला, आणि मग सीरिज जी गप्प झाली ती गप्पच.

आपल्याकडे ‘मेगा ड्राइव्ह’ आला १९९५ मध्ये, ‘शॉ वॉलेस’मार्फत. किंमत अठरा हजार रुपये! त्या पैशात लोक घरी रंगीत टीव्ही आणायचे. त्यामुळे ज्याच्या घरी तो होता, त्याच्याशी कट्टी करायची कुणाची टाप नव्हती. बाकी जनता पार्लरमध्ये मुस्तफावर खूश होती.

शोकेसमधला टी-सेट

आता येऊ या मुद्द्यावर. या सीरिजचे चारही भाग ओळीनं खेळून बघितले की एक गंमत लक्षात येते. हाणामारी तीच, रस्ता तोच, रस्त्यात सापडलेलं जेवण उचलून खाण्याचा गलिच्छ प्रकारही तोच. दर वेळी बदलत गेली ती एकच गोष्ट. तुमच्या सगळ्यात जबरदस्त मूव्हची किंमत काय?

पहिल्या भागात ही मूव्ह तुमची नव्हतीच. बटण दाबलं की मागून पोलिसांची गाडी यायची, त्यातला एक दोस्त बझूका चालवायचा आणि पडद्यावरचे सगळे गार. पण ही मदत अगदी मोजूनमापून मिळायची. बाहेरची मदत ती, ऊठसूट थोडीच मागता येते?

दुसऱ्या भागात गाडी गेली आणि मुस्तफाचाच नियम आला. प्रत्येक हीरोला स्वतःची स्पेशल मूव्ह मिळाली. मारा हवी तेव्हा, पण लाईफ कापली जाणार. आणि गेलेली लाईफ परत हवी तर सफरचंद नाहीतर कोंबडी शोधत फिरा.

कागदावर हे बरोबर वाटतं. ताकद वापरायची तर किंमत मोजा. पण प्रत्यक्षात काय व्हायचं? कुणी ती वापरायचंच नाही! आपल्या घरातल्या शोकेसमध्ये एक चिनी मातीचा टी-सेट असायचा, आठवतो? लग्नात आलेला, सोनेरी काठाचा. तो निघणार पाहुणे आले की. आणि पाहुणे आले की आई म्हणायची, ‘अगं हे तर घरचेच, यांना रोजचे कप चालतील.’ शेवटी टी-सेट कुणीच वापरला नाही. घर बदललं तेव्हा त्याच्या दोन बश्या फुटल्या आणि तो माळ्यावर गेला.

दुसऱ्या भागातली स्पेशल मूव्ह म्हणजे अगदी हा टी-सेट होता. ‘बॉससाठी ठेवतो’ म्हणत माणूस जपून ठेवायचा आणि बॉसनं दोन फटक्यांत झोपवलं की मूव्ह तशीच कोरी करकरीत शिल्लक. आपला स्वभावच तो. जे संपणार आहे असं वाटतं, ते आपण वापरत नाही.

तिसऱ्या भागात यावर उतारा काढला गेला. पडद्यावर एक छोटी पट्टी आली, ती आपोआप भरत जायची. भरली की स्पेशल फुकट. भरायच्या आधी मारली तर लाईफमधून वजा. आयडिया वाईट नव्हती. शिवाय या भागात पळता येऊ लागलं, वर-खाली गिरकी घेऊन वार चुकवता येऊ लागला, त्यामुळे गेमला मस्त स्पीड आला. पण पट्टीनं एक नवीच सवय लावली. वाट बघायची! चार गुंड अंगावर येतायत आणि आपण पट्टी भरायची वाट बघत लांब लांब फिरतोय. सिग्नलला उभं राहिल्यासारखं.

म्हणजे बघा, पहिल्या भागात मदत मागायची, दुसऱ्यात जीव जाळायचा, तिसऱ्यात वाट बघायची. २६ वर्षांनी येणाऱ्या चौथ्या भागापुढे हा प्रश्न जसाच्या तसा होता.

हिरवी पट्टी, हिरवा कंदील

३० एप्रिल २०२० ला ‘स्ट्रीट्स ऑफ रेज ४’ आला. जपानी सेगाची परवानगी, पॅरिसच्या ‘लिझार्डक्यूब’ची चित्रं, मॉन्ट्रिअलच्या ‘गार्ड क्रश गेम्स’चं प्रोग्रॅमिंग आणि ‘डॉटइमू’ हे पॅरिसचेच प्रकाशक. त्यांनी काढलेलं उत्तर इतकं सोपं आहे की आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटावं.

स्पेशल मूव्ह मारली की लाईफ कापली जाते, अगदी दुसऱ्या भागासारखी. पण ती जात नाही, हिरवी होते. म्हणजे पिवळ्या पट्टीतला तेवढा तुकडा हिरवा दिसायला लागतो. आता तुम्ही पुढे होऊन साधे ठोसे-लाथा हाणल्या, की प्रत्येक फटक्याबरोबर हिरवं पुन्हा पिवळं होत जातं. सगळं फेडलंत, की व्यवहार चुकता. फुकटात स्पेशल! पण फेडायच्या आत तुम्हाला एक जरी फटका बसला, तरी उरलेला सगळा हिरवा तुकडा गायब. बुडीत खातं.

पगारदार मंडळींना हे वेगळं समजवायला नको. हे सरळसरळ क्रेडिट कार्ड आहे बॉस! आज स्वाइप करा, मुदतीत भरा, व्याज शून्य. उशीर केलात की मेलात. फरक एवढाच की बँकेचा हप्ता भरायला दर महिन्याला पगाराची वाट बघावी लागते, इथला हप्ता भरायला मात्र पुढे होऊन मारावं लागतं.

आणि खरी मेख इथेच आहे. जुन्या गेममध्ये लाईफ कमी झाली की माणूस काय करायचा? मागे सरकायचा. कोपरा पकडायचा, कोंबडी शोधायचा, एकेकाला लांबून बाहेर काढायचा. चौथ्या भागात कोपऱ्यात बसून काही मिळत नाही. हिरवी पट्टी आपोआप भरत नाही, ती फक्त मारल्यावर भरते. त्यामुळे संकटात सापडल्यावर सगळ्यात शहाणपणाचा मार्ग म्हणजे गर्दीत घुसणं! स्पेशल मारून चौघांना उडवायचं आणि ते उठायच्या आत त्यांच्यावरच वसुली करायची. घाबरट प्लेअरला धीट करणारा नियम आहे हा. लेक्चर नाही, सूचना नाही. नुसता एक रंग बदलला आणि आपला हात आपसूक पुढे जायला लागला.

अर्थात शत्रूनं मारलेला फटका या योजनेत बसत नाही. तो गेला म्हणजे गेला, त्यावर औषध कोंबडीच. स्वतःहून घेतलेली जोखीम फेडता येते, गाफीलपणाची किंमत नाही. हे मला फारच पटलं.

आणखी काय काय नवीन?

हिरवी पट्टी एकटी असती तरी काम झालं असतं. पण या पठ्ठ्यांनी तिच्या आजूबाजूचं सगळं फर्निचरही त्याच बेतानं लावलंय.

स्टार मूव्ह: टी-सेटची हौस असलेल्यांसाठी तोही ठेवलाय. रस्त्यात सापडणारा स्टार वापरला की एक जंगी मूव्ह मिळते आणि तिच्यासाठी लाईफ जात नाही. पण स्टार मोजकेच, त्यामुळे बॉससाठी जपून ठेवायचं सुख ज्यांना हवं त्यांना ते मिळतं.

पडद्याची भिंत: पूर्वी गुंड पडद्याच्या कडेबाहेर गेला की आपण वाट बघत उभे. आता तो कडेवर आपटून कॅरमच्या सोंगटीसारखा परत येतो. आला की पुन्हा उडवा. हवेतल्या हवेत चार-पाच फटके सहज बसतात. स्क्रीनवर कॉम्बोचा आकडा चढत जातो तसं अंगात येतं.

कॉम्बोची बँक: हा आकडा जितका मोठा, तितका बोनस मोठा. पण बोनस खात्यात जमा व्हायच्या आत फटका बसला तर सगळा पाण्यात. म्हणजे इथेही तोच हिशोब. हावरटपणा किती करायचा ते तुम्ही ठरवा. पॉइंट्स वाढले की जास्तीची लाईफ मिळते, त्यामुळे हा नुसता शो ऑफ नाही.

उचलायचं वेगळं बटण: जुन्या भागांत मारायचं आणि उचलायचं बटण एकच. त्यामुळे ऐन मारामारीत ठोसा मारायला जावं आणि हीरो वाकून सफरचंद उचलत बसावा, असले विनोद व्हायचे. आता दोन्ही वेगळी. शिवाय फेकलेला पाइप गुंडाला लागून परत उसळला, की योग्य क्षणी बटण दाबून तो हवेतच झेलता येतो. गल्लीत क्रिकेट खेळलेल्यांना हे लगेच जमतं. वन टप आउटची प्रॅक्टिस वाया गेली नाही म्हणायची.

टीममध्ये कोण कोण?

ॲक्सेल आता दाढीवाला, जरा सुटलेला काका झालाय. बघून बरं वाटलं. गोष्ट तिसऱ्या भागानंतर दहा वर्षांनी सुरू होते, त्यामुळे वय दिसायलाच हवं. ब्लेझ मात्र पूर्वीइतकीच चपळ आणि सगळ्यात समतोल. नवखे असाल तर तिलाच घ्या.

नव्यांमध्ये ॲडमची मुलगी चेरी आहे, गळ्यात गिटार अडकवलेली. सुरुवातीच्या टीममध्ये पळता येणारी ती एकटीच. फ्लॉइड हा यांत्रिक हातांचा पहाड. चालतो बैलगाडीसारखा, पण दोन गुंडांना एकदम पकडून त्यांची डोकी एकमेकांवर आपटतो. खुद्द ॲडम चौथ्या स्टेजनंतर हाती येतो.

आणि व्हिलन? मिस्टर एक्सची जुळी मुलं, मिस्टर वाय आणि मिस वाय. राजकारण काय, गुन्हेगारी काय, गादी शेवटी पोरांकडेच जाते.

जुनं ते कपाटात नाही

रेट्रो गेमचा सिक्वेल म्हटला की बहुतेक कंपन्या एक सोपा मार्ग धरतात. ठोकळ्या-ठोकळ्यांची जुनी चित्रं, तेच जुनं म्युझिक, वर थोडा भावनेचा तडका. लोक ‘आईशप्पथ, काय दिवस होते ते’ म्हणतात, पैसे देतात आणि दोन तासांत कंटाळतात. आठवणींवर एक संध्याकाळ निघते, महिना निघत नाही.

इथे चित्रं हातानं काढलेल्या कॉमिकसारखी आहेत. ओल्या रस्त्यावर सांडलेले निऑनचे रंग बघत राहावेत असे. म्युझिक मुख्यतः ऑलिव्हिए देरिव्हिएर या फ्रेंच संगीतकाराचं, पण सोबत पाहुणे म्हणून कोशिरो आणि तिसऱ्या भागातला त्याचा साथीदार मोतोहिरो कावाशिमा हेही आहेत. ज्यांना नवं नको त्यांच्यासाठी पहिल्या दोन भागांचं म्युझिक लावायची सोयही आहे.

आणि जुनं सगळं आत आहेच, पण वापरात. खेळून खेळून पॉइंट्स साठत गेले की पहिल्या तीन भागांतले हीरो त्यांच्या मूळ ठोकळेबाज रूपात मिळत जातात, आपापल्या जुन्या सवयींसह. तिसऱ्या भागातला ॲक्सेल आजही पळतो. पहिल्या भागातल्या हीरोंची स्टार मूव्ह कोणती माहितीये? मागून येणारी पोलिसांची गाडी! नव्या चकचकीत रस्त्यावर ती जुनी ठोकळ्यांची गाडी येते तेव्हा खोलीतले सगळे ओरडतात. त्याहून भारी म्हणजे, आजच्या ॲक्सेलनंतर पहिल्या भागातला ॲक्सेल घेऊन खेळलात तर ३० वर्षांत काय बदललं ते वाचावं लागत नाही, बोटांना कळतं.

शनिवार रात्रीचा प्लॅन

आपल्यासारख्या नोकरदारांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा गेम वेळेचा मान राखतो. हल्ली मोठा गेम घ्यायचा म्हणजे साठ-सत्तर तासांची बांधिलकी. एवढ्या वेळात माणूस जर्मन शिकेल. इथे बारा स्टेज, साधारण दोन तासांत खेळ खल्लास. स्टोरी मोडमध्ये स्टेज संपली की प्रगती सेव्ह होते, म्हणजे सोमवारी एक, बुधवारी एक असंही चालतं. एखाद्या स्टेजला सारखे हरत असाल तर गेम स्वतःच विचारतो, थोड्या जास्त लाईफ आणि स्टार देऊ का? घेतलेत तर पॉइंट्स कमी मिळतील, एवढंच. नाक कापलं जात नाही. आणि ज्यांना जुना जाच हवाच आहे त्यांच्यासाठी आर्केड मोड आहे. सेव्ह नाही, कंटिन्यू नाही, मेलात की पहिल्यापासून.

एका टीव्हीसमोर चौघं खेळू शकतात, ऑनलाइन दोघं. तो आला तेव्हा अर्धं जग घरात कोंडलेलं होतं. आपल्याकडे लॉकडाऊनला महिना उलटून गेला होता. मी तेव्हा रूममेटबरोबर खेळलो. दिवसभर आपापल्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेले आम्ही दोघं, भांडी कुणी घासायची यावरून धुमसणारे, रात्री मात्र ‘कोंबडी तू खा, तुझी लाईफ कमी आहे’ म्हणायचो. तेवढ्या महिन्यांत आमच्यात झालेलं सगळ्यात सभ्य बोलणं तेच असावं. शेजारी बसून खेळण्याची मजा ऑनलाइनला नाही. ऑनलाइन कोंबडी पळवणाऱ्याला कोपरखळी मारता येत नाही.

खटकलं ते

सगळंच गोड-गोड लिहिलं तर संपादक म्हणतील पैसे घेतलेस का. तर ऐका.

एक, पळणं. तिसऱ्या भागानं सगळ्यांना पळायला शिकवलं आणि चौथ्यानं ते चेरी सोडून बाकीच्यांकडून काढून घेतलं. प्रत्येक हीरो वेगळा वाटावा हे कारण समजतं, तरी ॲक्सेलला संथपणे रस्ता तुडवताना बघून जीव वरखाली होतो. दोन, काही बॉस आणि गुंड मध्येच पांढरे चमकतात. त्या क्षणी तुमचे ठोसे त्यांना थांबवू शकत नाहीत, ते तुमच्यातून आरपार येऊन मारतात. हिरवं कर्ज डोक्यावर असताना हे झालं की टाळकं सटकतं. तीन, स्टोरी. स्टेजच्या मधे स्थिर चित्रं आणि दोन-दोन ओळी, एवढ्यावर भागवलंय. जुळ्या व्हिलनना त्याहून जास्त मिळायला हवं होतं.

पुढे १५ जुलै २०२१ ला ‘मिस्टर एक्स नाइटमेअर’ हा जोडभाग आला. त्यात तीन आणखी हीरो आणि ‘सर्व्हायव्हल’ मोड मिळाला. प्रत्येक खोली साफ केली की एक नवी ताकद निवडायची आणि किती टिकता ते बघायचं. त्याबरोबरच फुकट अपडेटमधून ट्रेनिंग मोडही आला. तो खरं तर पहिल्या दिवसापासून हवा होता. २०२२ पासून गेम मोबाइलवरही आहे, पण काचेवर बोटं घासून कॉम्बो मारणं म्हणजे हातमोजे घालून पुरणपोळी लाटणं. कंट्रोलर जोडता आला तर बघा.

पहिल्यांदा खेळताय? हे घ्या

• ‘नॉर्मल’वर सुरू करा. ‘मेनिया’ नावाची लेव्हल नावाला जागणारी आहे, हीरोगिरी नंतर.

• स्पेशल मारण्याआधी एकच विचार करा, यानंतर चार साधे फटके मारायला समोर कुणी आहे का? एकटा गुंड दूर पळालेला असताना कर्ज काढू नका.

• मारामारी शक्यतो पडद्याच्या कडेला न्या. भिंत तुमच्या बाजूनं खेळते.

• लाईफ फुल असेल तर कोंबडी तशीच राहू द्या, नंतर परत येऊन खा. किंवा पार्टनरला द्या, घरात शांतता राहील.

• दुसऱ्या स्टेजला पोलीस चौकीत एक जुनं व्हिडिओ गेमचं मशीन उभं आहे. विजेचा झटका देणारा टेझर हाती लागला की तो या मशीनवर चालवा. पुढे काय होतं ते सांगणार नाही.

पुढचा हप्ता

या गेमनं दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मेलेल्या समजल्या जाणाऱ्या ‘बीट एम अप’ प्रकारात पुन्हा पैसा लावायला लोक तयार झाले. दुसरी म्हणजे सेगाला आपल्या माळ्यावरच्या ट्रंका आठवल्या. डिसेंबर २०२३ मध्ये सेगानं जुन्या सीरिजच्या नव्या गेम्सची एकदम घोषणा केली, त्यात ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’चंही नाव होतं. त्याच यादीतला ‘शिनोबी’ पुन्हा ‘लिझार्डक्यूब’कडेच सोपवला गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो आलासुद्धा.

तेव्हा नव्या ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’चे ट्रेलर येतील, ग्राफिक्सवरून भांडणं होतील, ॲक्सेलची दाढी हवी की नको यावर लोक एकमेकांची डोकी फोडतील. तुम्ही मात्र शांतपणे एकच प्रश्न विचारा. सगळ्यात मोठा फटका मारायला हा गेम माझ्याकडून काय घेणार? पोलिसांची गाडी, रक्त, वेळ आणि उधारी हे चारही प्रकार वापरून झालेत. पाचवा काही सुचला असेल तर सिक्वेल काढायला अर्थ आहे. नसेल, तर चौथा आहेच. त्याचा हप्ता अजून आनंदानं भरतोय.